यंत्राचा आकडा, एक्सेलचा तक्ता

अल्फारेटा हे अटलांटाच्या उत्तरेला असलेलं गाव. १८५८ साली सनद मिळालेलं हे गाव जुन्या मिल्टन काउंटीचं मुख्य ठिकाण होतं. १९३२ मध्ये ती काउंटी फुल्टनमध्ये विलीन झाली, तरी नाव रस्त्यांच्या पाट्यांवर टिकलं. त्याच ओल्ड मिल्टन पार्कवेवर सीमेन्सच्या ऑटोमेशन व्यवसायाने अमेरिकेतलं आपलं मोठं ठाणं मांडलं. जॉर्जिया ४०० महामार्गाच्या दोन्ही अंगांना सॉफ्टवेअर कंपन्या वाढत गेल्या आणि त्यांच्याबरोबर मराठी घरंही. या घरांतल्या बऱ्याच अभियंत्यांची सकाळ पुण्या-ठाण्याशी बोलण्यात जाते. यंत्रांची चाचणी तिकडे चालते, अहवाल वाचणारे इकडे असतात, आणि फोन ठेवण्याआधी एक वाक्य हमखास येतं, "सगळं एक्सेलमध्ये टाकून पाठव."

या साध्या मागणीमागे चाळीसहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. आकडे बिघडण्याच्या कितीतरी जागाही त्यातच आहेत, म्हणून हा आढावा.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचं व्हिजिकॅल्क आलं आणि हिशेबाचा कागद पडद्यावर गेला. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं, आणि १९८५ मध्ये एक्सेल, तेही आधी मॅकिंतॉशवर. पुढच्याच वर्षी त्याच मॅकिंतॉशवर ऑस्टिनच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने लॅबव्ह्यू आणलं. जेफ कोडोस्की आणि जेम्स ट्रुचार्ड यांची कल्पना अशी, की प्रोग्रॅम ओळींमध्ये लिहायचा नाही, चित्रासारखा काढायचा. ठोकळे मांडायचे, तारा जोडायच्या, तारेतून डेटा वाहील तसं काम पुढे सरकेल. ह्यूलेट-पॅकार्डने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला याच वळणाचं व्हीईई आणलं. ते पुढे अ‍ॅजिलेंटकडे आणि नंतर कीसाइटकडे गेलं. मॅथवर्क्सचं सिम्युलिंक त्याच सुमाराचं. कारखान्यांत तर लॅडर डायग्रॅम आधीपासून होताच. १९९३ च्या आयईसी ६११३१-३ मानकाने त्याला आणि फंक्शन ब्लॉकला जगभर एकच व्याकरण दिलं.

ज्याला सर्किट वाचता येतं, त्याला ही चित्रं वाचता येतात. व्होल्टमीटर, थर्मोकपल, लोड सेल यांच्याकडून आकडे घ्यायला याहून सोयीचं साधन मला माहीत नाही. पण अहवाल वाचणाऱ्या गुणवत्ता विभागाकडे, ग्राहकाकडे, तपासनिसाकडे लॅबव्ह्यू नसतं. त्यांच्याकडे एक्सेल असतं. म्हणून या दोघांना जोडणं हे चाचणीचंच काम आहे. चाचणी आटोपल्यावर घाईघाईत उरकायची ती गोष्ट नव्हे.

जोडण्याचे मार्ग तीन. सर्वांत जुना म्हणजे साधी मजकूर फाइल. टॅबने किंवा स्वल्पविरामाने वेगळे केलेले आकडे लिहायचे आणि एक्सेलने ते उघडायचे. दुसरा, एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला हाताशी धरून काम करून घ्यायचं. विंडोजवर आधी डीडीई, मग ओएलई आणि अ‍ॅक्टिव्हएक्स अशी ही वाट रुंदावत गेली. लॅबव्ह्यूच्या किंवा व्हीईईच्या चित्रातून एक्सेल सुरू करायचं, वर्कबुक उघडायचं, शीट निवडायची, रेंजमध्ये आकडे ठेवायचे, सेव्ह करायचं आणि घेतलेले सगळे संदर्भ बंद करायचे. एकही संदर्भ उघडा राहिला, तर खिडकी दिसेनाशी होते पण टास्क मॅनेजरमध्ये एक्सेल जिवंतच असतं. रात्रभर चालणाऱ्या चाचणीत अशी डझनभर एक्सेल साठली, की यंत्र गुदमरतं. नवशिके आणखी एका गोष्टीत अडकतात. ते आकडे एकेका सेलमध्ये भरतात. प्रत्येक सेलसाठी एका प्रोग्रॅमची हद्द ओलांडून दुसऱ्यात जावं लागतं, म्हणून हे काम रेंगाळतं. तोच संपूर्ण तक्ता एका फटक्यात रेंजला दिला, तर चुटकीसरशी होतं. तिसरा मार्ग लॅबव्ह्यूच्या टीडीएमएससारख्या खास फाइलचा. फाइल, गट आणि चॅनेल अशा तीन पातळ्यांवर आकड्यांसोबत एकक, सेन्सरचा क्रमांक, चाचणी घेणाऱ्याचं नाव हेही साठतं आणि एक्सेल ते अ‍ॅड-इनने वाचतं. माझं मत स्पष्टपणे तिसऱ्याच्या बाजूने आहे. पहिल्या दोन्हींत आकडा पोहोचतो, पण त्याची ओळख वाटेत गळू शकते.

ती कशी गळते, ते जवळून पाहू. लॅबव्ह्यूमधला तक्ता लिहिणारा तयार ठोकळा, काही सांगितलं नाही तर, दशांशानंतर तीनच स्थळं लिहितो. गळतीचा प्रवाह ०.०००४२ अँपिअर असेल, तर फाइलमध्ये ०.००० जातं. पडद्यावरच्या आलेखात गळती दिसत असते आणि अहवालात मात्र शून्य. फॉरमॅट सांगणारा छोटा मजकूर बदलला, की हे टळतं. पण तो बदलायचा असतो, हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

वेळेची गोष्ट याहून गुंतागुंतीची. लॅबव्ह्यू वेळ मोजतं ती १ जानेवारी १९०४ च्या मध्यरात्रीपासून, जागतिक वेळेने, सेकंदांत. विंडोजवरचं एक्सेल दिवस मोजतं, आणि १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस. वर एक्सेलने लोटसशी जुळवून घेण्यासाठी १९०० हे लीप वर्ष मानलं, जे ते नव्हतं. त्यामुळे सेकंदांना ८६,४०० ने भागून त्यात १,४६२ मिळवावे लागतात आणि मग स्थानिक वेळेचा फरक. ते १,४६२ विसरले, तर १ नोव्हेंबर २०२५ ची चाचणी ३१ ऑक्टोबर २०२१ ची दिसते. स्थानिक फरक विसरला, तर चाकणला मध्यरात्रीनंतर साडेबाराला घेतलेलं रीडिंग आदल्या दिवशीच्या तारखेवर जातं. त्यात अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, दिवाळीच्या आगेमागेच, पहाटे दोनला घड्याळं एक तास मागे जातात. त्या रात्री दीड वाजून जातो आणि तासाभराने पुन्हा दीड वाजतो. वेळेनुसार क्रम लावला, तर दोन्ही तासांची रीडिंग्ज एकमेकांत मिसळतात.

हे नीट कसं करावं, याचा उत्तम नमुना अल्फारेटाच्या शेजारीच आहे. इथल्या बिग क्रीकवर अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं पाणी मोजणारं केंद्र आहे, क्रमांक ०२३३५७००. संस्था आपल्या नद्यांचे आकडे ज्या मजकूर फाइलमध्ये देत आली आहे, तिच्या सुरुवातीच्या ओळी टिपणाच्या असतात, मग कॉलमांची नावं, मग प्रत्येक कॉलम अक्षरांचा की अंकांचा, किती रुंद, हे सांगणारी ओळ. वेळेच्या शेजारी ती ईडीटी म्हणजे उन्हाळी वेळ की ईएसटी म्हणजे प्रमाण वेळ हे लिहिलेलं असतं, त्यामुळे दोनदा आलेला दीड ओळखू येतो. आकड्याच्या शेजारी पी किंवा ए: अजून कच्चा की तपासून मान्य झालेला. इतकी काळजी घेतलेली ही फाइल काही न सांगता एक्सेलमध्ये ओढली, तर एक्सेल केंद्र क्रमांकाला संख्या समजतं आणि सुरुवातीचं शून्य खाऊन टाकतं. उरतो २३३५७००, जो कोणत्याच केंद्राचा क्रमांक नाही. आयात करताना तो कॉलम मजकूर म्हणून निवडला, की शून्य टिकतं.

एक्सेलच्या या अतिउत्साहाची किंमत मोठमोठ्यांनी मोजली आहे. जनुकांची सेप्ट१, मार्च१ अशी नावं ते तारखांमध्ये बदलत राहिलं. शेवटी २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने नावंच बदलली, आणि मायक्रोसॉफ्टने असा बदल बंद करण्याची सोय २०२३ मध्ये दिली. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत १५,८४१ करोनाबाधितांची नोंद वेळेत झाली नाही, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या माणसांना वेळेवर कळलं नाही, ही त्यातली खरी हानी. २००७ पासून मर्यादा १०,४८,५७६ ओळींची झाली. ती मोठी वाटते, पण सेकंदाला हजार रीडिंग्ज घेणारी चाचणी साडेसतरा मिनिटांतच शीट भरून टाकते. कंपनाच्या चाचण्या तर याहून कितीतरी वेगाने मोजतात.

महाराष्ट्रात चाचणीचं हे काम लहान नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची वाहन संशोधन संस्था एआरएआय वाहनं तपासते. तिथल्या एका आकड्यावर गाडी बाजारात येणार की नाही हे ठरतं. चाकण, रांजणगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यात पुरवठादारांच्या टेस्ट बेंचवर रोज हेच चालू असतं. तिथल्या मुलांना चित्रमय प्रोग्रॅमिंग छान येतं. पण अहवालाची वर्कबुक बहुतेकदा कुणीतरी जुनी दिलेली असते आणि तिच्यात नवे आकडे चिकटवले जातात. गेल्या चाचणीचे आकडे पुसले का, सूत्राची रेंज नव्या ओळींपर्यंत पोहोचली का, हे कुणी पाहत नाही. कच्चा डेटा मूळ फाइलमध्ये कायम राहावा, तिला कुणी हात लावू नये आणि एक्सेल फक्त तिच्यावरून तयार व्हावं, ही शिस्त मला अनिवार्य वाटते. रेंजना नावं दिलेला कोरा साचा ठेवावा, प्रत्येक चाचणीला प्रोग्रॅमने त्याची प्रत काढून भरावी, हाताने काहीही चिकटवू नये. एक्सेलमध्ये सुधारलेला आकडा परत मूळ फाइलमध्ये जाणारी वाट तर ठेवूच नये.

हा अंक वाचणाऱ्यांत टेस्ट बेंचवर काम करणारे असतील, आणि अहवालावर सही करणारेही. पुढचा अहवाल पाठवण्याआधी त्यातला कोणताही एक आकडा निवडा आणि तो कोणत्या फाइलमधून, कोणत्या सेन्सरवरून, कोणत्या वेळी आला, ते शोधून पाहा. नाही सापडलं, तर सही थांबवा आणि आधी ती वाट दुरुस्त करून घ्या.