बेरजेचे पिंजरे

नेहमीच्या सुडोकूत पंचवीस-तीस आकडे आधीच छापलेले असतात. किलर सुडोकूत बहुतेक वेळा एकही नसतो. ८१ कोरी घरे, त्यांतून वळणे घेत गेलेली तुटक रेघांची कुंपणे आणि प्रत्येक कुंपणाच्या डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढा एक आकडा. हा आकडा म्हणजे त्या कुंपणातल्या घरांची बेरीज. कुंपणाला म्हणायचे पिंजरा. आडवी ओळ, उभी ओळ आणि तीन-बाय-तीनचा चौकोन यांत १ ते ९ हे आकडे एकेकदाच यायचे, हा जुना नियम कायम. एका पिंजऱ्यातही आकडा पुन्हा येता कामा नये, ही त्यात पडलेली भर. नियम एवढेच. तरीही पहिल्यांदा हे कोडे हाती घेणारा बराच वेळ पेन्सिल चावत बसतो, कारण धरायला टोकच सापडत नाही.

सुडोकू जपानी म्हणून ओळखले जात असले तरी जन्माने अमेरिकन आहे. हॉवर्ड गार्न्स या वास्तुविशारदाचे म्हणून ओळखले जाणारे कोडे १९७९ साली डेल कंपनीच्या मासिकात आले. १९८४ मध्ये निकोली या प्रकाशनाने ते जपानात नेले आणि तिथे त्याचे बारसे झाले. पुढे हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेल्या वेन गूल्ड यांनी अशी कोडी तयार करणारा संगणक-प्रोग्राम लिहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने सुडोकू छापायला सुरुवात केली. बेरजेचा प्रकार जपानात १९९०च्या दशकातच रुळला होता. तो ‘टाइम्स’ने २००५ मध्ये इंग्रजी वाचकांपुढे आणला, ‘किलर’ या नावाने. नाव ऐकून बिचकू नये. यात मरतो तो फक्त वेळ.

‘आमचं गणित कच्चं आहे’ म्हणून या कोड्यापासून लांब राहणारे पुष्कळ भेटतात. खरे तर यात दुसरीच्या पुस्तकापलीकडचे गणित नाही. १ ते ९ची बेरीज ४५, त्यामुळे प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक चौकोनाची बेरीज ४५. यूट्यूबवर ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ नावाने कोडी सोडवून दाखवणारे सायमन अँथनी हीच गोष्ट ‘खास माणसांनाच सांगायचे गुपित’ म्हणून दर वेळी थाटात सांगतात. थट्टा असली तरी खरोखरच किल्ली तीच आहे.

कागद घ्या, एक कोपरा सोडवून बघू. डाव्या हाताचा सर्वांत वरचा चौकोन. पहिल्या ओळीतली पहिली दोन घरे मिळून ४चा पिंजरा. डाव्या कडेच्या उभ्या ओळीत त्याखालची दोन घरे १७ची. तिसरा पिंजरा काटकोनात वळलेला: पहिल्या ओळीतले तिसरे घर, त्याच्या खालचे आणि तिथून डावीकडे चौकोनाच्या मध्यावरचे, बेरीज १३. चौथा तिसऱ्या ओळीत, दुसऱ्या घरापासून चौथ्यापर्यंत, १८चा. म्हणजे याचे शेवटचे घर चौकोनाची हद्द ओलांडून शेजारच्या चौकोनात गेलेले.

चारही बेरजा मिळवा: ४, १७, १३, १८. झाले ५२. चौकोनाच्या वाट्याचे ४५ वजा केले की उरतात ७, आणि ते त्या बाहेर गेलेल्या घराचे. कोऱ्या कागदावर पहिला आकडा पडला, तोही ज्या चौकोनाकडे आपण बघतही नव्हतो त्याच्यात.

आता आत या. दोन वेगळ्या आकड्यांनी ४ होतात ते १ आणि ३नेच; १७ होतात ते ८ आणि ९नेच. चौकोनात उरले २, ४, ५, ६, ७. अठरातून सात गेले की तिसऱ्या ओळीतल्या दोन घरांना ११ हवेत: ४ आणि ७, किंवा ५ आणि ६. पण ७ त्याच ओळीत बसून चुकला आहे. म्हणून ५ आणि ६. काटकोनी पिंजऱ्यात आपोआप २, ४, ७ येतात आणि त्यांची बेरीज १३ भरते. अशी बेरीज जुळली की पुढे जायला हरकत नाही.

खरी गंमत यानंतर. डाव्या कडेच्या उभ्या ओळीत १७च्या पिंजऱ्याखाली तीन घरे आहेत, बेरीज ८. तीन घरांत ८ दोनच प्रकारे होतात: १-२-५ किंवा १-३-४. यातला कोणता प्रकार, ते कळायच्या आधीच एक गोष्ट पक्की होते: १ दोन्हींत आहे. मग त्याच ओळीच्या डोक्यावरच्या घरात १ बसू शकत नाही. तिथे ३ आला, शेजारी १ गेला. ३ वर बसल्यामुळे १-३-४ बाद. राहिले १-२-५. आणि ओळीच्या तळाच्या तीन घरांत, तिथल्या पिंजऱ्यांकडे ढुंकूनही न बघता, ४, ६, ७ ठरले. क्रम अजून कळलेला नाही. तो पुढे कळेल. घाई करणाऱ्याला हे कोडे हमखास फसवते.

अवघड कोडे रचणारा अर्थातच असे ४ आणि १७ हाती लागू देत नाही. तो मधल्या बेरजा देतो. तीन घरांत २४ म्हणजे ७-८-९, विषय संपला. पण तीन घरांत १५ आठ प्रकारे होतात. (तीन-बाय-तीनच्या जादूच्या चौरसात आडव्या, उभ्या, तिरक्या मिळून आठ रेघा असतात, त्या याच आठ.) अशा वेळी एका चौकोनाचा हिशेब पुरत नाही. दोन ओळींचे ९० किंवा तीन ओळींचे १३५ धरावे लागतात. कधी एक घर बाहेर गेलेले असते आणि एक घर आत सुटलेले. मग आकडा मिळत नाही, फरक मिळतो. फरक ८ निघाला तर एक घर ९चे आणि दुसरे १चे, हे तिथल्या तिथे ठरते. फरक २ निघाला तर तो कोपऱ्यात टिपून ठेवायचा आणि वाट बघायची. ‘टाइम्स’मध्ये ‘डेडली’ असा शिक्का मारलेल्या कोड्यांत बेरजा कठीण नसतात. नजर कुठे लावायची, हे ठरवण्यातच अर्धा वेळ जातो.

अडले की अंदाज मारायचा मोह होतो. दोनपैकी एक आकडा लिहून बघायचा, घोटाळा झाला की खोडायचा. संगणक असेच करतो आणि त्याला ते शोभतेही, कारण त्याला कंटाळा येत नाही. माणसाने तसे केले तर उत्तर हाती येते, पण ते का बरोबर आहे हे कळत नाही. चांगल्या रचनाकाराने रचलेल्या किलरला अंदाजाची गरज पडत नाही, असे माझे मत आहे. पडलीच, तर बहुधा आपण एखादे ४५ मोजायचे विसरलेलो असतो.

सामानाचे म्हणाल तर टोकदार पेन्सिल आणि खोडरबर पुरे. मात्र वर्तमानपत्रातली चौकट फार लहान असते आणि तो कागद दोनदा खोडला की फाटतो. चौकट झेरॉक्सवर मोठी करून घ्यावी. संभाव्य आकडे घराच्या कोपऱ्यात बारीक लिहावेत, पेनाने अजिबात नको.

आणि सुरुवात करण्याआधी एक तोंडी हिशेब: तीन घरांचा पिंजरा, बेरीज २२. यात कोणता आकडा असलाच पाहिजे? वर ८ सोडवले, त्याच्याच उलट बाजूला याचे उत्तर आहे.