पोट भरलं, हाडांचं काय?

आमच्या लोधिवली गावात आईपासून सुटलेल्या पिल्लाला पहिलं खाणं मिळतं ते दूध-भाकरीचं. तांदळाची भाकरी आमच्याकडे रोजचीच. ती दुधात कुस्करली की पिल्लू ताटली चाटून पुसून ठेवतं, पोट टम्म होतं आणि घरातले खूश होतात. मला त्या टम्म पोटाची धास्ती वाटते. पाठीचे मणके हाताला लागतायत, केस राठ झालेत आणि पोट तेवढं फुगलंय, म्हणजे बहुतेक वेळा जंत. अशा पिल्लाला कितीही घाला, ते अंग धरत नाही. दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला, दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला जंतांचं औषध द्यावं लागतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यकालाच विचारावी. ताटाचा विचार त्याच्यानंतर.

गावातली आणि आसपासच्या बंगल्यांवरची पिल्लं मी वर्षानुवर्षं सांभाळत आले आहे. खालापूर-कर्जत भागात मुंबईकरांची फार्महाउसं झाली, त्यांच्याबरोबर लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्डही आले. मालक शनिवारी येतात तेव्हा पिल्लाला मटण मिळतं. सोमवार ते शुक्रवार राखणदाराच्या घरचा वरणभात. जीव दोघांचाही आहे पिल्लावर, पण दोन्ही ताटं अर्धी आहेत.

कुत्र्याला भात पचतच नाही, असं शहरातून आलेली माणसं मला सांगतात. तसं नाही. 2013 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या स्वीडनच्या संशोधकांच्या अभ्यासात लांडग्याच्या अंगात पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या दोनच प्रती दिसल्या, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी राहून तो आपलं अन्न पचवायला शिकलाय. भात मऊ शिजवला की झालं. अडचण वेगळी आहे. अमेरिकेतल्या पशुखाद्याच्या मानकांनुसार वाढत्या पिल्लाच्या खाण्यात, पाणी वजा केल्यावर, किमान 22.5 टक्के प्रथिनं लागतात. मोठ्या कुत्र्याला 18 टक्के पुरतात. तांदळात ती सात-आठ टक्क्यांच्या आसपास. वरणानं थोडी भर पडते, पण तेवढ्यानं भागत नाही.

मग नुसतं मटणच का नको? कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून ओढतं. पाय वाकतात, ओट्यावरून उडी मारली तरी हाड मोडू शकतं. हे ऐकून काहीजण कॅल्शियमची बाटली सुरू करतात, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांना ते जास्तच बाधतं. कोवळ्या वयात आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, हाडं-सांधे वेडेवाकडे वाढतात. पिल्लांसाठी बनवलेलं चांगलं तयार खाणं देत असाल तर वरून काहीही घालू नका.

घरचं करायचं तर आमच्याकडे सामान हाताशी आहे. कोंबडीच्या दुकानातून माना, कलेजी, पेटा स्वस्तात मिळतो. मी ते बिनमिठाचं शिजवते, मानांची हाडं वेचून टाकते, कलेजी थोडीच घेते. त्यात मऊ भात किंवा नाचणीची पेज, लाल भोपळा, एखादं उकडलेलं अंडं. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण सगळं अंगी लागत नाही. म्हणून अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी दळते. अर्धा किलो मांसाला सपाट चहाचा चमचा, हा साधारण अंदाज. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी मात्र डॉक्टरला विचारूनच.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. पिल्लू मागतंय म्हणून वाढत राहू नये. 48 लॅब्राडॉरवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लहानपणापासून चतुर्थांश कमी खाल्लेले कुत्रे जोडीतल्या जास्त खाणाऱ्या कुत्र्यांपेक्षा जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात.

घरातला उरलेला रस्सा मात्र कधीच नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि आमचं कुठलंही कालवण त्याशिवाय होत नाही. मनुका, द्राक्षं, चॉकलेट विषासारखीच. शिजलेलं हाड टोकदार तुटतं, आतडं फाडू शकतं. सुकट-बोंबलात मीठ फार. गाईचं दूधही, आईचं सुटल्यावर, पुष्कळ पिल्लांना पचत नाही. हगवण लागली तर आधी तेच बंद करावं.

एखादं पिल्लू मालकाबरोबर मुंबईला निघालं की मी त्याचं नेहमीचं खाणं डब्यात भरून देते. तिथलं नवं खाणं पहिल्या दिवसांत पाव हिस्साच मिसळा, मग अर्धं, मग पाऊण, आठवडाभरात पूर्ण. घर, आवाज, माणसं एकदम बदलतात तेव्हा निदान पोटाला तरी सवडीनं बदलू द्यावं.