बुजरा घोडा आणि चाकांवरचा प्रवास

घोड्याने माणसाला वाहून न्यावे, ही जगाची जुनी रीत. 1638 नंतर शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली आणि मराठी घोडदळाच्या टापा या पठारावर उमटू लागल्या, तेव्हा भीमथडीच्या तट्टाला कोणी गाडीत घालून इकडे आणले नव्हते. स्वार आणि घोडा दोघेही वाट तुडवीत आले. मुक्कामाला पोचेपर्यंत घोड्याला नव्या मुलखाची हवा, पाणी आणि चारा अंगवळणी पडलेला असे. आज ही रीत उलटली आहे. बंगळूरच्या शर्यतींच्या मैदानावरचा घोडा पुण्याच्या किंवा मुंबईच्या मोसमासाठी निघतो, कुणीगलच्या जुन्या अश्वपैदास केंद्रातले शिंगरू वयात येऊन तबेल्यात दाखल होते, तेव्हा घोडा उभा असतो आणि चाके धावत असतात. धावण्यासाठीच जन्मलेल्या प्राण्याला आपण तासन् तास एका हलत्या पेटीत जखडून उभे करतो. त्यातून तो प्राणी बुजरा असला, तर या प्रवासाला केवढी जोखीम असते आणि ती कशी टाळता येते, याचा आज थोडा विचार करू.

घोड्याला गाडीत घालून नेण्याची कल्पना तशी फार जुनी नाही. 1836 साली इंग्लंडात लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी ‘एलिस’ नावाचा आपला घोडा घोड्यांनीच ओढलेल्या एका बंद गाडीतून गुडवुडहून डॉन्कॅस्टरला नेला. तोपर्यंत शर्यतीचे घोडे मैदानापर्यंत चालतच जात. शर्यतीला थोडेच दिवस उरले असता घोडा अजून दक्षिणेतच आहे हे पाहून पैजा लावणाऱ्यांनी त्याची आशा सोडली होती. एलिस मात्र ताजातवाना पोचला आणि सेंट लेजरची शर्यत जिंकून गेला. पुढे आगगाडी आली, मग मोटार आली. परदेशात मोटारीमागे जोडायचा छोटा ट्रेलर घरोघर दिसतो. आपल्याकडे ट्रकच्या सांगाड्यावर मुद्दाम बांधलेली मोठी गाडी अधिक प्रचारात आहे, आणि शर्यतीच्या जगात तिला ‘फ्लोट’ म्हणतात. वाहन कोणतेही असो, घोड्याची अडचण एकच असते.

ती समजून घ्यायची, तर क्षणभर घोड्याच्या डोळ्यांनी पाहावे लागेल. निसर्गात घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याच्याजवळ शिंगे नाहीत, नखे नाहीत. संकट दिसताच पळणे हाच त्याचा बचाव. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे जवळजवळ सारा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो. न दिसणाऱ्या जागा दोनच, एक थेट पाठीमागची आणि दुसरी कपाळाच्या अगदी समोरची. लख्ख उजेडातून अंधारात शिरताना त्याची नजर स्थिरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. आता अशा प्राण्यापुढे आपण काय ठेवतो? भर दुपारच्या उन्हात उभी केलेली, आतून काळोखी, अरुंद अशी गाडी. पाय ठेवताच पोकळ आवाज करणारी फळी. आत गेल्यावर पळायला वाट नाही, आणि ज्या दिशेला त्याला दिसत नाही नेमके तिथेच कोणीतरी दार लावून घेते. घोडा अडला की आपण त्याला हट्टी म्हणतो. खरे पाहता तो आपल्या जातीला लाखो वर्षे तगवून ठेवणारी अक्कलच वापरीत असतो.

काही वर्षांपूर्वी बंगळूरच्या उत्तरेला, येलहंक्याच्या बाजूच्या एका पागेत मी एक कुमैत घोडी पाहिली. तिला पुण्याला पाठवायचे होते. गाडी दिसली की तिच्या अंगाला घाम सुटे, नाकपुड्या फुगत, आणि फळीपाशी येताच ती मागच्या पायांवर उभी राही. चौकशी केल्यावर उलगडा झाला. पूर्वी एका प्रवासात उतरवताना कोणीतरी आधी मागचे दार उघडले. घोडीची दोरी मात्र पुढे बांधलेलीच होती. उजेड दिसताच ती मागे सरली, दोरीने डोके अडवले, आणि घाबरून तिने सारा भार मागे टाकला. मोरकी तुटली, घोडी फळीवरून कोसळली आणि मागच्या पायाला मोठी जखम झाली. जखम भरून आली. आठवण भरून आली नाही.

या एका प्रसंगात गाडीत घोडा चढवण्याचा आणि उतरवण्याचा सर्वांत मोठा नियम दडलेला आहे. चढवताना आधी घोड्यामागचा अडसर लावायचा आणि मगच पुढे दोरी बांधायची. उतरवताना नेमके उलट: आधी दोरी सोडायची आणि मगच अडसर काढायचा. मागची वाट मोकळी असताना घोड्याचे डोके कधीही बांधलेले असू नये. दोरीची गाठसुद्धा एका हिसक्यात सुटणारी हवी, आणि ती थेट लोखंडी कडीला न बांधता सुतळीच्या एका फासाला बांधावी. संकट आलेच तर सुतळी तुटते, घोड्याची मान वाचते. अडसर लावणाऱ्याने फळीच्या मधोमध उभे राहू नये. बाजूने यावे आणि बाजूनेच निघावे. मोटारीमागे जोडायचा ट्रेलर असेल, तर तो मोटारीला पक्का जोडल्याखेरीज घोडा आत घेऊ नये, कारण घोड्याच्या भाराने सुटा ट्रेलर एका टोकावर कलंडू शकतो.

त्या कुमैत घोडीकडे परत येऊ. पागेत एक वृद्ध मोतद्दार होते. बंगळूरच्या जुन्या मराठी वस्तीतले. बोलण्यात कानडी आणि दखनी सहज मिसळलेली. मालकांना घाई होती. दोघांनी मागून दोर लावून ओढावे, एकाने चाबूक दाखवावा, असा बेत चालला होता. मोतद्दार एवढेच म्हणाले, “साहेब, आज जबरीनं चढवाल. पुण्याहून परत आणताना कोण चढवणार?” त्यांनी पंधरा दिवस मागून घेतले.

पहिले दोन दिवस गाडी नुसती आवारात उभी होती, दारे सताड उघडी, तोंड अशा बाजूला की सूर्याचा उजेड थेट आत पडावा. घोडीचा तोबरा रोज फळीच्या थोडा अधिक जवळ नेला जाई. तिसऱ्या दिवशी तिने एक पाय फळीवर ठेवला. मोतद्दारांनी लगेच दोरी सैल केली, मानेवरून हात फिरवला आणि तिला मागे नेले. पाहणाऱ्याला हे विचित्र वाटेल. चढू लागलेल्या घोडीला मागे का न्यायचे? पण यातच सारे शिक्षण आहे. दोरीचा हलका ताण हा प्रश्न असतो, आणि घोड्याने पुढे टाकलेले पाऊल हे उत्तर. उत्तर मिळताच ताण नाहीसा झाला, तर घोडा शिकतो की पुढे जाण्याने त्रास थांबतो. पाऊल टाकल्यावरही ओढणे चालूच राहिले, तर त्याला एवढेच कळते की या जागी आपली सुटका नाही. शिवाय आत शिरलेल्या घोड्याला बाहेर येण्याचाही सराव हवा. मागे सरकत शांतपणे उतरता येते हे ठाऊक असलेला घोडाच शांतपणे आत उभा राहतो.

आठव्या दिवशी घोडी पूर्ण आत गेली आणि तिथे चारा खाऊ लागली. मग अडसर लावून काढणे, मग दार लावणे, मग इंजिन सुरू करून उभे राहणे, मग पागेभोवती एक फेरी, अशी एकेक पायरी झाली. पायांच्या पट्ट्या आणि शेपटीचे बांधणेही याच दिवसांत सुरू झाले. कारण प्रवासाच्या दिवशी घोड्याला एकही गोष्ट नवी वाटता कामा नये. तिच्याच पागेतला एक शांत म्हातारा घोडा शेजारी उभा केला, हा शेवटचा उपाय. कळपाच्या प्राण्याला सोबतीइतके दुसरे औषध नाही. गुंगीचे खरे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याशिवाय देऊच नये. त्याने घोड्याचा तोल जातो, आणि शर्यतीच्या घोड्याच्या तपासणीत ते सापडते ते वेगळेच.

बंगळूर ते पुणे हे अंतर सुमारे 840 किलोमीटर. तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा हा रस्ता. साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा घोडा चार पायांवर उभा राहून गाडीचा प्रत्येक हेलकावा सावरीत असतो. प्रवासात तो विश्रांती घेत नाही, सतत मेहनत करतो. म्हणून चालकाचा हात हाच घोड्याचा खरा आधार. पायाशी पाण्याने भरलेला लोटा ठेवला आहे आणि त्यातला थेंब सांडायचा नाही, अशा रीतीने गाडी हाकावी. ब्रेक लांबून आणि हळू लावावा. निपाणीजवळच्या तवंदी घाटात, पुढे खंबाटकीच्या उतारावर वळण पूर्ण झाल्याशिवाय वेग वाढवू नये. घोड्याचा मागचा भाग वळणातून बाहेर यायचा असतानाच चालक जोर देतो आणि घोडा भिंतीवर आदळतो. दोन कप्प्यांच्या ट्रेलरमध्ये एकच घोडा असेल, तर आपल्या देशात त्याला उजव्या कप्प्यात ठेवावे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, रस्ता कडेकडे उतरता असतो, आणि भार उजवीकडे राहिला म्हणजे ट्रेलर कडेला ओढला जात नाही. निघण्यापूर्वी तळाच्या फळ्या रबरी चटई उचलून तपासाव्यात; घोड्याच्या मुताने लाकूड आतून कुजते आणि वरून पत्ता लागत नाही.

पण लांबच्या प्रवासातला सर्वांत मोठा धोका दिसतच नाही. घोडा एरवी दिवसाचा बराच वेळ मान खाली घालून चरतो. त्या वेळी श्वासनलिकेतली घाण आणि जंतू आपोआप खाली ओघळून बाहेर पडतात. गाडीत आपण त्याचे डोके उंच बांधतो. तासांमागून तास गेले की हे जंतू खाली फुप्फुसाकडे उतरतात. त्यात चाऱ्याची धूळ आणि कोंदट हवा यांची भर पडते. यातून जो ज्वर येतो तो छातीत पाणी होण्यापर्यंत जाऊ शकतो आणि प्राणघातकही ठरतो. यावर उपाय साधे आहेत. दोरी इतपत लांब ठेवावी की घोड्याला मान छातीच्या पातळीखाली नेता यावी. चारा ओला करून द्यावा. खिडक्या बंद करू नयेत. घोड्याला थंडीपेक्षा कोंडमारा अधिक बाधतो. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवावी, दोरी सैल करून मान खाली घेऊ द्यावी आणि पाणी दाखवावे. घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते, आणि अनोळखी पाण्याला तो तोंड लावीत नाही. म्हणून घरचे पाणी पिंपात भरून घ्यावे. पाणी कमी पडले की आतड्यात चारा अडतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला वांती होत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची पोटदुखी किती गंभीर असते ते कळेल. निघण्यापूर्वी दाणा कमी करावा तो यासाठीच.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधी 1978 साली केलेल्या नियमांत घोड्यांचा वेगळा विचार आहे. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यांचा दाखला, निघण्यापूर्वी चारापाणी आणि वाटेतली त्याची तजवीज, सोबत माणूस, या गोष्टी त्यात येतात. दाखला ही नुसती कागदाची औपचारिकता नव्हे. ग्लँडर्ससारखा माणसालाही होणारा रोग आजारी घोड्याबरोबर शेकडो मैल प्रवास करू शकतो.

कुमैत घोडी पंधराव्या दिवशी पहाटे, उन्हाआधी निघाली. बेळगावजवळ तिला उतरवून रात्रभर विश्रांती दिली आणि दुसऱ्या दिवशी ती पुण्याला पोचली. घाम नाही, ओरखडा नाही. सर्वांना वाटले, काम झाले. मोतद्दार मात्र सकाळ-संध्याकाळ तिचा ताप मोजीत राहिले. घोड्याचे तापमान सामान्यतः 99 ते 101 अंश फॅरनहाइट असते. तिसऱ्या दिवशी सकाळी पारा 102 च्या पुढे गेला. घोडी खात होती, खोकत नव्हती. नुसत्या डोळ्यांना काहीच कळले नसते. पशुवैद्यांना तत्काळ बोलावले, औषध सुरू झाले आणि आठवड्याभरात ती बरी झाली. आणखी दोन दिवस कोणी तापमापक हाती घेतला नसता, तर गोष्टीचा शेवट निराळा झाला असता. म्हणून प्रवास गाडी थांबल्यावर संपत नाही. पुढचे तीन-चार दिवस त्यातच धरावेत आणि तेवढे दिवस घोड्याला कष्टाचे काम देऊ नये.

मोसम संपल्यावर ती घोडी बंगळूरला परतली. पुण्याला तिला चढवायला ते मोतद्दार नव्हते. दुसराच एक तरुण होता. त्याने मला सांगितले की त्याला काहीच करावे लागले नाही. फळी पाडली, दोरी सैल धरली, आणि घोडी त्याच्या आधी आत गेली.