कोणत्या दिवसाचे इंजिन?

रत्नागिरीकरांना वाफेच्या यंत्राचे प्रथम दर्शन घडले ते समुद्रावर. बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी बंदराबाहेर नांगर टाकीत आणि उतारू पडावातून किनाऱ्यास लागत, त्या काळी ज्याला आगगाडीचे इंजिन पाहावयाचे असेल त्याला घाट चढून कोल्हापूर गाठावे लागे, कारण तेथे १८९१ साली मिरजेहून लोहमार्ग येऊन पोहोचला होता. पुढे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोकण रेल्वे आमच्या दारी आली, ती डिझेलच्या इंजिनामागून. म्हणून या गावात बसून वाफेच्या इंजिनाची प्रमाणबद्ध प्रतिकृती घडवू पाहणाऱ्याला पितळ मिळते, तांबे मिळते, लेथवर हात बसलेला कारागीरही मिळतो. दुर्मिळ असतात ती मापे.

माझ्या मेजावर ज्या इंजिनाचा संसार मांडलेला आहे ते नेरळ-माथेरान मार्गावरील आहे. पीरभॉय घराण्याने हा डोंगरी मार्ग १९०७ साली सुरू केला. त्याच्या रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, चढ वीस फुटांस एक फूट, आणि त्यावरची चार इंजिने ओरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कारखान्याची. त्यांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. फुटाला एक इंच हे प्रमाण धरले की दोन फुटांचा मार्ग नेमका दोन इंचांचा होतो, आणि हिशेब मनातल्या मनात करता येतो. रुंद मार्गाचे इंजिन निवडणाऱ्याला ही सोय नाही. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात जे एच-ओ प्रमाण वापरले आहे त्यात सत्याऐंशी भागांचा एक भाग होतो. त्या प्रमाणात आपला १६७६ मिलिमीटरचा मार्ग सव्वाएकोणीस मिलिमीटरचा व्हावयास हवा, परंतु बाजारात मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, म्हणजे युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचा असतो. प्रतिकृतीकाराचा पहिला निर्णय येथेच होतो: मार्गाशी इमान राखावयाचे की इंजिनाशी?

मापांचा सर्वांत श्रेष्ठ दाखला म्हणजे कारखान्याचा मूळ नकाशा. बायर पीकॉक या कारखान्याचे दप्तर मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात जतन केलेले आहे. स्वतंत्र भारताच्या रेल्वेचे प्रमाणित आराखडे लखनौच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संस्थेच्या कक्षेत येतात. आणि ‘दि इंजिनिअर’सारख्या एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांत नव्या इंजिनांची चित्रपत्रे मापांसह छापली जात. मात्र नकाशाची नक्कल हाती आली की तीवर फूटपट्टी ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कागद आकसतो आणि फुगतो. आमच्याकडे आषाढात भिंतीवर टांगलेला नकाशा माघात मोजला तर लांबी तीच भरत नाही, आणि तो लांबीत जितका बदलतो तितकाच रुंदीत बदलतो असेही नाही. म्हणून नकाशावर आकड्याने लिहिलेले माप प्रमाण मानावे, रेषा मोजून काढलेले माप संशयित समजावे.

नकाशा नसेल तेव्हा साक्षात् लोखंडाकडे जावे लागते. परवानगी घेऊन, ओळंबा, टेप, खडू आणि एक लांब सरळ पट्टी एवढे साहित्य बरोबर न्यावे. आसांच्या मध्यबिंदूंवरून ओळंबा सोडून रुळावर खडूच्या खुणा केल्या की चाकांमधील अंतरे बिनचूक मिळतात. चाकाचा व्यास मात्र इतक्या सहजी हाती येत नाही, कारण रूळ, ब्रेक आणि चौकट यांच्यामुळे टेप चाकाभोवती फिरविता येत नाही. अशा वेळी धावेच्या कमानीवर ज्ञात लांबीची पट्टी टेकवून तिच्या मध्यापासून धाव किती उंचावली आहे ते मोजतात आणि त्यावरून त्रिज्या काढतात. समजा, पट्टी ३०० मिलिमीटरची आणि उंची ३० मिलिमीटर भरली, तर व्यास ७८० येतो. परंतु उंची मोजताना एकच मिलिमीटर चुकून २९ वाचली, तर व्यास ८०५ होतो, म्हणजे माझ्या प्रतिकृतीत दोन मिलिमीटरांची चूक, जी डोळ्याला तात्काळ खुपते. तीच पट्टी ६०० मिलिमीटरची घेतली तर एका मिलिमीटरच्या चुकीने व्यास जेमतेम चार मिलिमीटरांनी ढळतो. ही विद्या मी शेजारच्या बैलगाडीच्या धावेवर वारंवार घोटून घेतली, आणि लांब पट्टीचे महत्त्व तेथेच मनावर ठसले.

छायाचित्र हा तिसरा साक्षीदार, आणि त्याची उलटतपासणी घेणे अगत्याचे असते. डब्ल्यूपी जातीच्या सुप्रसिद्ध इंजिनाचे मोठे चाक १७०५ मिलिमीटरचे. बाजूने टिपलेल्या चित्रात ते ३४.१ मिलिमीटर भरले, तर चित्राचे प्रमाण पन्नासास एक ठरते. पण हे प्रमाण फक्त त्या चाकाच्या पातळीपुरते खरे. धुराडे गाडीच्या मध्यरेषेवर, म्हणजे जवळच्या रुळापासून ८३८ मिलिमीटर आत असते. छायाचित्रकार पंधरा मीटरांवर उभा असेल तर ते पाच टक्क्यांहून अधिक लहान दिसते, साठ मीटरांवर असेल तर ही तूट दीड टक्क्याच्या आत येते. दुरून काढलेले साधे चित्र जवळून काढलेल्या देखण्या चित्राहून अधिक मोलाचे, ते या कारणाने.

हे सर्व पुरावे एकत्र आले की ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि नवखा मनुष्य येथेच हताश होतो. वास्तविक त्यांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. नकाशा सांगतो तो कारखान्याचा संकल्प; छायाचित्र सांगते एका विशिष्ट दिवसाची अवस्था; आणि संग्रहालयातील लोखंडाच्या अंगावर अनेक दशकांच्या दुरुस्त्या असतात. धाव झिजली की ती लेथवर चढवून पुन्हा गोल केली जाते आणि प्रत्येक वेळी चाक किंचित लहान होते. बॉयलर बदलतो, धुराडे बदलते, कोळशाची पेटी वाढते. एका इंजिनाची एकच मापे असतात हा समज सोडून द्यावा, आणि आपण कोणत्या दिवसाचे इंजिन घडवीत आहोत ते आधी ठरवावे.

काही मापे मिळूनही वापरता येत नाहीत. बॉयलरमधील धूरनळ्या बारापट बारीक केल्या तर त्या काजळीने तुंबतात, म्हणून त्या संख्येने कमी आणि व्यासाने मोठ्या घ्याव्या लागतात. तांब्याच्या पत्र्याची जाडी मूळ पोलादावरून न घेता वाफेच्या दाबावरून स्वतंत्रपणे काढावी लागते, कारण तेथे शोभेचा नव्हे, माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. माथेरानच्या इंजिनात तर आणखी एक अडचण आहे. तीव्र वळणांसाठी त्याच्या टोकाच्या आसांवर क्लिन-लिंडनर पद्धतीची पोकळ नळी बसविलेली असते, आणि चाके त्या नळीसह वळणानुसार किंचित फिरतात. त्या नळीच्या आतील सांधा बाहेरून कितीही न्याहाळला तरी दिसत नाही.

माझ्या वहीत प्रत्येक मापापुढे दोन रकाने आहेत, एक दाखल्याचा आणि एक खातरजमेचा. दोन स्वतंत्र दाखले जुळले की मी त्या आकड्याखाली लाल रेघ ओढतो. चौकटीची लांबी, आसांमधील अंतरे, पाण्याच्या टाक्यांची उंची यांखाली ती ओढून झाली आहे, आणि वर्ष मी १९०७ धरले आहे. पोकळ आसाच्या ओळीत आजही पेन्सिलीने लिहिलेला एकच आकडा आहे, म्हणून चौकटीचे पत्रे कापून, घासून, तेल लावून पावसाळ्यापूर्वी डब्यात बंद केले आहेत आणि आसांच्या पोलादाला अजून हात लावलेला नाही.