कुत्र्यांतील पट्टकृमि व माणसांचें आरोग्य

शेतावर, गोठ्यांत व मेंढरांच्या कळपाबरोबर कुत्रा हवाच. परंतु त्याच्या आंतड्यांत राहणाऱ्या एका बारीक जंतापासून घरच्या माणसांच्या जिवास धोका पोहोंचतो, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांच्या लक्षांत आलेली नसावी. म्हणून तिची माहिती आम्ही येथें देत आहों.

कुत्र्याच्या विष्ठेंत तांदळाच्या दाण्यांसारखे वळवळणारे तुकडे पुष्कळांनीं पाहिले असतील. तो पिसवांच्या द्वारें पसरणारा पट्टकृमि होय. त्याचा माणसास फारसा उपद्रव नाहीं. खरा घातक कृमि निराळा आहे. त्यास शास्त्रांत एकिनोकॉकस म्हणतात. त्याची लांबी अवघी ३ ते ७ मिलिमीटर असते, आणि असे हजारों कृमि पोटांत असूनही कुत्रा धडधाकट दिसतो.

याचीं अंडीं विष्ठेवाटे गवतावर, भाजीच्या वाफ्यांत व पाण्यांत पडतात. मेंढ्या, शेळ्या व गुरें यांच्या पोटांत तीं गेलीं म्हणजे त्यांच्या यकृतांत व फुप्फुसांत पाण्यानें भरलेल्या गांठी होतात. अशा जनावराचें काळीज कुत्र्यानें कच्चें खाल्लें, कीं सुमारें दीड महिन्यांत त्याच्या पोटांत नवे कृमि तयार होऊन पुन्हां अंडीं पडूं लागतात. कुत्र्यास कुरवाळून त्याच हातांनीं भाकरी खाणारें मूल हीं अंडीं गिळतें, आणि मेंढरांतील गांठी माणसांत होतात. त्या वर्षानुवर्षें हळूहळू वाढतात. गांठ फुटल्यास प्राणावर बेततें, व पुष्कळदां शस्त्रक्रियेवांचून इलाज राहत नाहीं. गांठीचें मांस खाऊन मात्र माणसास हा रोग होत नाहीं. तो कुत्र्याच्या विष्ठेंतील अंड्यांपासूनच होतो.

हा रोग हटवितां येतो, याचें उदाहरण आइसलंड बेटाचें आहे. १८६३ सालीं डॅनिश शास्त्रज्ञ हॅरल्ड क्राबे यांनीं तेथील १०० कुत्रे तपासले, तेव्हां २८ कुत्र्यांत हा कृमि सांपडला. पुढील वर्षीं त्यांची पुस्तिका तेथील भाषेंत छापून घरोघर वांटण्यांत आली. पुढें कायदे झाले, कुत्र्यांस औषध देण्यांत येऊं लागलें, रोगट काळजें त्यांच्या तोंडीं पडेनाशीं झालीं, आणि आज तें बेट या रोगापासून मुक्त आहे.

आमच्याकडे जत्रेंत वा लग्नकार्यांत बोकड कापला, कीं टाकाऊ भाग कुत्र्यांपुढें फेंकण्यांत येतो. ही चाल प्रथम बंद झाली पाहिजे. गांठी असलेलें काळीज व फुप्फुस जाळावें, किंवा कुत्र्यांस उकरतां येणार नाहीं इतकें खोल पुरावें. मेलेलें मेंढरूंही तसेंच पुरावें. पशुवैद्याच्या सल्ल्यानें कुत्र्यास दर सहा आठवड्यांनीं प्राझिक्वांटेल हें औषध द्यावें. तें कृमि मारतें, अंडीं मारीत नाहीं. म्हणून पुढील दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवून त्याची विष्ठा जाळावी वा पुरावी. भाजीच्या मळ्यास कुंपण असावें, कच्ची भाजी धुवून खावी, व जेवणापूर्वीं हात साबणानें धुण्याची संवय मुलांस लावावी.

एकट्यानें आपला कुत्रा संभाळून भागत नाहीं, कारण शेजाऱ्याचा कुत्राही आपल्याच बांधावर फिरतो. याकरितां सर्व गांवानें मिळून हें काम हातीं घ्यावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.