नवं इंजिन घट्ट फिरतं तेव्हा

नव्यानं बांधलेलं इंजिन थोडं घट्ट फिरणारच. नव्या रिंगा सिलिंडरला घासत असतात, त्याची चिंता नको. पण प्लग काढल्यावरही पान्याला लोंबकळावं लागलं, तर मात्र हात थांबवावा.

एका पद्मिनी टॅक्सीचं इंजिन मी स्वतः बांधलं होतं आणि क्रँक हलेना. मालक म्हणाला, ‘‘मेस्त्री, दोरी लावून ओढू या, मोकळं होईल आपोआप. पंधरा दिवस धंदा बंद आहे माझा.’’ त्याचंही खरंच होतं. पण ओढून सुरू झालं असतं, तर बेअरिंग भाजून निघालं असतं आणि मागोमाग क्रँकही गेला असता. मी नाही म्हटलं.

खालचं ऑइल चेंबर उतरवलं, कनेक्टिंग रॉड सोडवून पिस्टन वर सरकवले आणि नुसता क्रँक फिरवून पाहिला. तरीही घट्ट! म्हणजे दोष रिंगांचा नव्हता. मग मेन बेअरिंगच्या कॅप एकेक करून ढिल्या केल्या. मधली सैल होताच क्रँक हातानं फिरू लागला. ती कॅप उलटी बसली होती.

कारखान्यात ब्लॉकला कॅप आवळून मगच बेअरिंगचं भोक आरपार कोरतात. त्यामुळे प्रत्येक कॅप आपल्याच जागी, आपल्याच दिशेनं बसवावी लागते. उघडतानाच पंचानं खुणा करायच्या असतात. त्या मी घाईत केल्या नव्हत्या.

बेअरिंगच्या एका कडेला चकाकी आली होती. ती जोडी बदलली. तिचे पैसे मालकाकडून घेतले नाहीत.