वृद्धाश्रमातली एकादशी

अमरावती जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात परसबागेच्या कामासाठी गेलो होतो. मेथीच्या वाफ्यापाशी बसलेले एक आजोबा एकाएकी असंबद्ध बोलू लागले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. "वय झालं, भ्रम होतो," असे कोणी म्हणाले. शेजारच्या आजींनी मात्र खरे सांगितले, "सायेब, सकाऊन साखरेची गोयी घेतली यायनं. आज एकादस हाये, पोटात काईच नाई."

आजोबा शुद्धीवर होते, गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा-वीस मिनिटांत ताळ्यावर आले. मग भाकर-भाजी दिली. उपास मोडला म्हणून थोडे रुसलेच! शुद्ध हरपली असती, तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा लागला असता.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पोटात अन्न आहे की नाही ते पाहत नाही. साखर उतरवतच राहते. म्हातारपणी मूत्रपिंड मंदावते, औषध अंगात रेंगाळते. म्हणूनच थकलेल्या वृद्धांची साखर तरुणांइतकी कडक आवळू नये, असे डॉक्टर सांगतात. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा तरुणात सातच्या आत हवा, तर अशा वृद्धात आठपर्यंत चालतो. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, बरे का!

उलटा धोका दात्यांचा. वाढदिवस असो की श्राद्ध, वृद्धाश्रमात बुंदी आणि शिरा येतो. मन मोठे, पण त्याऐवजी तुरीची डाळ, शेंगदाणे, हिरवी भाजी किंवा साखर तपासण्याच्या पट्ट्या द्याव्यात. उपासाचा साबुदाणाही साखर झपाट्याने चढवतो.

अकोल्याकडे अनेकांची समजूत आहे की ज्वारीच्या भाकरीने साखर वाढतच नाही. ज्वारीत तंतू आहेत, पण पिठूळ भागही भरपूर आहे. दोन भाकरी त्या दोनच!

पायाला जखम आहे का, हे रोज कुणीतरी पाहावे. बधिर पायाला काटा कळत नाही. दवाखान्यात नेताना 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा ध्यानात ठेवा. त्यात वृद्धांसाठी वेगळी रांग सांगितली आहे.

त्या आश्रमात आता कालनिर्णयावर एकादशी आणि चतुर्थीभोवती लाल खूण असते. उपास करणाऱ्यांची नावे व्यवस्थापक आदल्या दिवशी डॉक्टरांना कळवतात, आणि आजोबांच्या गोळीचे तेच ठरवतात.